शिगेसकट अठरा डबे

चाचांची भीती वाटत नाही असा माणूस आमच्या किचनमध्ये एकच होता, आणि तो म्हणजे गॅसचा सिलिंडर आणून टाकणारा, कारण तो दोन मिनिटांत निघून जायचा. बाकी आम्ही सगळे घाबरायचो. मीसुद्धा. मालकीण मी होते, पगार मी द्यायचे, कोपरखैरण्याचा गाळा माझ्या नावावर होता. तरी चाचा दारातून आत आले की मी ओढणी सावरायचे.

ते ओरडायचे नाहीत. ओरडण्यात मला कुणी हरवलेलं नाही. माझे वडील जालन्याहून कळंबोलीच्या लोखंड बाजारात हमालीला आले, आणि मी त्याच बाजारात ट्रक ड्रायव्हरांना डबे विकत मोठी झाले. तिथे आवाज नसेल तर माणूस उपाशी मरतो. पण चाचा नुसते बघायचे. सत्तरीचा वाळका माणूस, पांढरी दाढी, मनगटात सैल घड्याळ. दह्याच्या ट्रेकडे बघायचे आणि मग ट्रे आणणाऱ्याकडे. एवढ्यावर आमचा डेअरीवाला स्वतःहून म्हणायचा, ‘बदलून देतो, चाचा.’

ते श्रीवर्धनकडचे, कोकणी मुसलमान. तीन पिढ्या भटारी, म्हणजे लग्नांत बिर्याणीच्या देगी, मोठी पातेली, लावणारे. माझ्याकडे सहा वर्षं होते. आज लोक माझ्या बिर्याणीचं नाव घेतात, ते नाव त्यांच्या हातावर उभं राहिलं. हे मी मान्य करते. पण माझा त्यांच्यावर राग आहे, आणि तोही मी लपवणार नाही.

त्यांच्याकडे एक डबा होता. तेलाचा जुना, एक लिटरचा पत्र्याचा डबा. वरचं तोंड कापून कडा ठोकून सपाट केलेली, बाजूला कान जोडलेला. तो ते लुंगीच्या फडक्यात गुंडाळून आणायचे आणि काम झालं की धुऊन, पुसून, गुंडाळून घरी न्यायचे. दही मोजायचं ते त्या डब्यानेच. दहा किलो मटणाला तीन डबे. काट्यावर दही ठेवलेलं त्यांना चालत नसे.

‘काटा पानी पन तोलतो,’ ते म्हणायचे. ‘त्याला काय कलतंय?’

दही बघायची त्यांची रीत होती. बोट दह्यात खुपसायचं आणि काढून घ्यायचं. भोक तसंच राहिलं तर ठीक. भोकात पाणी भरलं तर ट्रे तिरका करून ते सगळं पाणी गटारात. एकदा डेअरीत त्यांनी असे चार ट्रे तिरके केले. डेअरीवाला रडकुंडीला आला. मी ती संधी साधली, त्याच्याशी भांडभांड भांडले आणि किलोमागे भाव पाडून घेतला. मला वाटलं, चाचा खूश होतील. आम्ही दही घेऊन रिक्षात बसलो. तुर्भ्याच्या सिग्नलला म्हणाले, ‘बाय, तू भाव कमी केलास. पानी कमी केलंस काय?’

मला इतका राग आला की मी खाली उतरून चालत निघाले. मग ऊन लागलं म्हणून परत दुसरी रिक्षा केली. तोपर्यंत त्यांनी दही फडक्यात टांगलंसुद्धा होतं.

एकदा समोरच्या सोसायटीतली एक बाई आली. शिकलेली, पोटाशी मोबाईल धरून. तिला घरी एक किलोची बिर्याणी करायची होती.

‘चाचा, दही किती ग्रॅम?’

‘तुजी वाटी आन.’

‘वाटी नको, ग्रॅममध्ये सांगा ना. नेटवर आहे, एक कप म्हणजे दोनशे पंचेचाळीस ग्रॅम.’

‘नेटला तुजी वाटी म्हायत हाय काय?’

बाई गेली आणि खरंच घरातली वाटी घेऊन आली. चाचांनी त्या वाटीत दही भरलं, वर शीग केली, म्हणजे काठाच्या वर डोंगरासारखं चढवलं, आणि म्हणाले, ‘अशा दोन. शीग पाडू नको.’ बाईने वाटीचा फोटो काढला. आठवड्याने ती येऊन चाचांच्या पाया पडली, आणि ते संकोचून भिंतीला चिकटून उभे राहिले. मी हे सगळं गल्ल्यावरून बघत होते. शीग मी डोळ्यांनी बघितली होती. हे आत्ता लिहिताना माझाच मला राग येतो.

मोजताना ते ‘एक’ म्हणायचे नाहीत. पहिल्या डब्याला ‘बरकत’, मग दोन, तीन. जुने लोक धान्य मोजताना तसं म्हणतात, तसंच. आणि स्वतःची बिर्याणी ते कधी खायचे नाहीत. पाचशे माणूस जेवून जायचं आणि हे कोपऱ्यात बसून दहीभात कालवायचे. मी विचारलं तर म्हणाले, ‘खाल्लं की भीती जाते. ज्याला देगीची भीती नाय, त्याच्या हातचं खाऊ नये.’

मला ते नाटक वाटायचं. पण दम लावायच्या वेळी मी त्यांचे हात बघितलेत. कच्चं मटण दही-मसाल्यात मुरवून तळाला, वर अर्धा शिजलेला भात, मग झाकण आणि झाकणाच्या कडेने कणकेची वळी. एकदा ती कणीक लागली की आत काय चाललंय ते कुणाला दिसत नाही. मटण शिजतंय की करपतंय, सगळं दह्याच्या ओलाव्यावर. आणि चाचांचा नियम होता की देग वेळेआधी उघडायची नाही. त्यांच्या बापाने उघडली नाही, त्यांनी उघडली नाही. पन्नास वर्षं हे काम केलेल्या माणसाचे हात कणीक लावताना थरथरायचे. मग ते लांब दांड्याचा लोखंडी उलथना घ्यायचे, त्याचं टोक देगीच्या बुडाशी टेकवायचे आणि दुसरं टोक कानाला. कळंबोलीत मिस्त्री लोक स्क्रूड्रायव्हर लावून इंजिन ऐकतात ना, तसं. डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, ‘रडते हाय.’ म्हणजे आत पाझर सुटलाय, सगळं ठीक आहे. तो शब्द येईपर्यंत आम्ही कुणी खुर्चीत नीट टेकत नसू.

ही भीती हळूहळू माझ्यात उतरली. पण माझी भीती वेगळी होती. चाचा खोकायचे. हिवाळ्यात तर गाळ्याच्या शटरला धरून उभे राहायचे. मी हिशेबी बाई आहे. मला दिसत होतं की हा म्हातारा एक दिवस जाईल आणि माझा धंदा त्या फडक्यात गुंडाळून घेऊन जाईल. त्यांना सरळ विचारायचं, असं माझ्या मनात आलं नाही. बाजारात मी एकच गोष्ट शिकले. ज्याने आधी विचारलं तो हरला. गरज दाखवली की भाव चढतो.

म्हणून एका शुक्रवारी ते नमाजला गेले असताना मी फडकं सोडलं. देवळातली मूर्ती उचलावी तसा डबा बेताने उचलला. डब्याच्या बाजूला जुना छाप होता, बराचसा उडालेला. पण वाचता आलं: एक लिटर, नऊशे दहा ग्रॅम. मी ते मनात ठेवलं आणि फडकं होतं तसं बांधलं. चाचा आले, फडक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग हात धुवायला गेले. मला वाटलं, जिंकले. सगळं जग एक लिटर म्हणजे एक किलो म्हणतं, आणि मला ग्रॅमपर्यंत बरोबर आकडा मिळाला होता.

मग ते लग्न आलं. कळंबोलीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्या शेठच्या मुलीचं, रविवारी दुपारचं. चारशे माणूस, त्यात न्हावा शेव्याच्या बंदराशी धंदा असलेले निम्मे. ज्यांच्या ऑफिसांत मी दुपारचे डबे देत होते तेच लोक. तिथे जेवण बिघडलं असतं तर सोमवारी मला एकही डबा लावता आला नसता. आणि ही जेवण बिघडण्याचीच गोष्ट नव्हती. कच्चं मटण चारशे लोकांच्या पोटात गेलं तर काय होतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

बुधवारी चाचांची बहीण वारली. ते गावी गेले. जाताना म्हणाले, ‘दही मी आल्यावर. रविवारी फजरला येतो.’ पहाटे येणार म्हणजे मसाला मुरायला वेळ कसाबसा. मी हो म्हटलं आणि शनिवारी डेअरीला फोन केला. साठ किलो मटण, अठरा डबे, गुणिले नऊशे दहा. सोळा किलो चारशे. कोशिंबिरीचं दही वेगळं, सहा किलो. डेअरीवाला म्हणाला, ‘चाचा विचारतील, ताई.’ मी म्हटलं, ‘बिल चाचा देतात का?’

रविवारी पहाटे चाचा आले नाहीत. घाटात दरड पडली होती आणि एसटी अडकली होती. माझी मावसबहीण माझ्याबरोबर पहिल्यापासून काम करते. ती म्हणाली, ‘थांबूया का गं?’

‘थांबलो तर मटण मुरेल कधी? फिरव दही.’

तिने मशीन लावून दही घुसळलं. पांढरं, फुगलेलं, वर फेस. खात्री करावी म्हणून मी लिटरच्या जगने मोजलं. अठरा जग, बरोबर अठरा. माझी छाती फुगली. मी बहिणीला म्हटलंसुद्धा, ‘बघ, हे काय मोठं शास्त्र आहे?’ दही मटणात गेलं.

चाचा आठ वाजता आले, कपड्यांवर घाटाची माती. बहिणीचं दफन करून आलेला माणूस. मी पाणी दिलं. त्यांनी भांड्यांकडे बघितलं.

‘दही?’

‘घातलं. अठरा डबे.’

डबा त्यांच्या काखेत होता. त्यांनी तो तसाच खाली ठेवला. बहुतेक थकले होते, किंवा त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. यातलं कुठलं जास्त वाईट, ते मला अजून ठरवता येत नाही.

साडेअकराला तीन देगी निखाऱ्यांवर दमाला गेल्या. मंडप गाळ्याशेजारच्या मैदानात, बँड वाजत होता. साडेबाराला चाचांनी उलथना कानाला लावला. पहिली देग. दुसरी. तिसरी. मग परत पहिली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांचे ओठ सुकले होते.

‘रडत नाय,’ ते म्हणाले.

‘बँडचा आवाज आहे, चाचा. ऐकू येत नसेल.’

‘दही कोनी मोजलं?’

‘मीच. तुमच्याच मापाने.’

‘माजा डबा माज्याजवल होता.’

मावसबहीण कांदा चिरायची थांबली. बाकीच्या दोघी भांडी धरून उभ्या. मी आवाज चढवला. ‘चाचा, चारशे लोक बसलेत बाहेर! आत्ता चौकशी करायची वेळ आहे का? तुमचे कान गेलेत, ते सांगा ना!’

ते माझ्याजवळ आले. इतक्या हळू बोलले की फक्त मला ऐकू यावं. ‘बाय, खाली लागायला दहा मिंटं हायत. किती घातलंस?’

मी आयुष्यात अनेक भाव पाडले, अनेकांना तोंडावर खोटं पाडलं. पण त्या क्षणी तो एक आकडा सांगणं मला जेवढं जड गेलं तेवढं कधी काही गेलं नव्हतं. देगीच्या बुडातून काहीच आवाज येत नव्हता, आणि ती शांतता मलाही ऐकू येत होती.

‘सोळा किलो चारशे,’ मी म्हटलं. ‘तुमच्या डब्यावर नऊशे दहा लिहिलंय.’

‘तेलाचं लिवलंय ते. तेल हलकं.’ त्यांनी बोटांची पेरं मोजली, कॅल्क्युलेटर नाही, काही नाही. ‘माजा डबा शिगेसकट बाराशे. म्हंजे तुजे साडेतेरा डबे पडले. साडेचार कमी.’

‘पण मी जगने मोजलं! अठरा भरले!’

‘मशीन लावलीस? मग हवा मोजलीस.’

एखाद्याने भर चौकात अंगावरचा पदर ओढावा तसं मला झालं. दह्याचा लिटर किलोपेक्षा थोडा जड असतो, वर शिगेचं वेगळं, आणि फेसाळलेलं दही जागा जास्त घेतं पण वजन वाढत नाही. हे त्यांना सगळं ग्रॅममध्ये पाठ होतं. सहा वर्षं.

‘तुम्हाला माहीत होतं,’ मी म्हटलं. ‘किलोत माहीत होतं तुम्हाला!’

‘तू इचारलंस कदी?’

मग त्यांनी उलथना उचलला आणि देगीची कणीक फोडली. बापाने फोडली नव्हती, त्यांनी कधी फोडली नव्हती. पहिला घाव घालताना त्यांनी डोळे मिटले होते. वाफ आली ती सुकी, मसाल्याची, अजून करपलेली नव्हती. ‘कोशिंबिरीचं दही आना. गरम पानी आना.’ ते डब्यात दही भरायला लागले, शिगेसकट. ‘बरकत. दोन. तीन.’ त्यांनी ते गरम पाण्यात हाताने सैल केलं, मशीनला हात लावू दिला नाही. उलथन्याच्या दांड्याने भातात काठाकाठाने भोकं पाडली आणि त्यातून दही तळापर्यंत सोडलं. तिन्ही देगींत तेच, प्रत्येकी दीड डबा. पुन्हा कणीक. निखारे मागे ओढले, थोडे झाकणावर टाकले. हात भाजले असणार, पण त्यांनी बघितलं नाही.

त्यानंतरचा पाऊण तास. बाहेरून शेठचा भाऊ आला. ‘ओ ताई, पंगत बसलीय! काय प्रॉब्लेम आहे? बिर्याणी आहे ना? की बाहेरून मागवू?’ मी दारात आडवी उभी राहिले. मावसबहीण मागे उभी राहून पुटपुटत होती, बुद्ध वंदना असावी. चाचा देगीपाशी उकिडवे बसले होते, कानाला दांडा. मला वाटत होतं, या माणसाने आता मान हलवली तर मी मागच्या दाराने निघून जाईन आणि परत कोपरखैरण्यात तोंड दाखवणार नाही.

त्यांनी मान वर केली. ‘रडते हाय.’

दोन देगी चांगल्या उतरल्या. तिसरीचा तळ लागला होता. चाचांनी तो खरवडून वेगळा केला आणि पंगतीत एक दाणा जाऊ दिला नाही. कोशिंबीर नव्हती, नुसता कांदा-टोमॅटो चिरून दिला. लोक जेवले. कुणाला काही झालं नाही.

चार वाजता शेठचा भाऊ पुन्हा आला, त्याच्याबरोबर ऑफिसांतली दोन-तीन ओळखीची माणसं. ‘जेवण मस्त होतं, पण एवढा उशीर? कोशिंबीर पण नाही. कुणाची चूक?’

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं.

‘माजी,’ चाचा म्हणाले. ‘माज्या हाताची. वय झालं.’

तो माणूस हसला. ‘अरे चाचा, मग आता आराम करा ना!’ सगळे हसले. चाचांनी डबा धुतला, पुसला, फडक्यात बांधला. मी म्हटलं, ‘मंगळवारी वाशीची ऑर्डर आहे, लवकर या.’ त्यांनी मान डोलावली. मंगळवारी आले नाहीत. फोन केला तर नातवाने उचलला आणि सांगितलं, आजोबा म्हणतात तिकडे आता माझी गरज नाही.

माझा राग याचा आहे. दोष स्वतःवर घेताना त्यांनी मला विचारलं नाही. माझी चूक होती, तिचं काय करायचं ते मी ठरवलं असतं. भांडून, माफी मागून, कसंही मिटवलं असतं. पण ज्याने काही मागितलंच नाही त्याच्याशी मिटवायचं कसं? आता मी गॅसवर देग लावते तेव्हा दही बाराशेच्या हिशेबाने घालते. अजून एकदाही चुकलं नाही. तरी कणीक लागली की मी खुर्चीत टेकत नाही. मी उलथना कानाला लावते, आणि मला फक्त गॅस ऐकू येतो.

चार-पाच महिन्यांनी पनवेलच्या एका केटररचा फोन आला. सभ्य माणूस, मी त्याला ओळखते.

‘ताई, सीझन आहे. चाचांना बोलवायचं म्हणतोय. ते यायला तयार आहेत, घरी बसून कंटाळलेत. पण ऐकलं की त्यांचा हात गेलाय. तुमच्याकडच्या लग्नातच झालं म्हणे. मोठी ऑर्डर आहे, मला रिस्क नको. खरं काय ते तुम्ही सांगा.’

समोर मावसबहीण दही टांगत होती. तिने मान वर केली आणि माझ्याकडे बघत राहिली. खरं काय ते दोन वाक्यांचं होतं. पण हा माणूस रोज न्हावा शेव्याला जातो. त्याच ऑफिसांत, जिथे माझे डबे जातात. मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

‘वय झालंय त्यांचं,’ मी म्हटलं.

‘बरं झालं तुम्हाला विचारलं,’ तो म्हणाला. ‘लोकांच्या पोटाचा प्रश्न असतो.’